तांबे, कल्हई आणि मक्तेदारी

काही आठवड्यांपूर्वी एका तालुक्याच्या गावचा आपला जुना कार्यकर्ता भेटीस आला होता. संघटनेच्या कामाचे बोलणे आटोपल्यावर त्याने खिशातून घडी घातलेली एक चिठ्ठी काढून पुढे ठेवली. त्याच्या सतरा वर्षांच्या मुलीला ‘विल्सनचा आजार’ आहे. दोन वर्षांपूर्वी तिचे अक्षर बिघडू लागले, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. शाळेत तिला आळशी ठरविण्यात आले आणि घरात कोणाची तरी दृष्ट लागली असे ठरले. शहरातील सरकारी रुग्णालयात निदान होईपर्यंत वर्ष गेले. औषध सुरू झाल्यावर मुलगी सावरली, पुन्हा शाळेत जाऊ लागली. पण ते औषध आता मिळेनासे झाले होते. गावच्या दुकानात नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी तीन दुकानांत नाही. चौथ्या दुकानदाराने सांगितले, ‘माल येत नाही, कारण कोणी मागतच नाही.’ कार्यकर्ता म्हणाला, ‘सर, पैसे मी कसेही उभे करीन. पण दुकानात माल तरी असायला हवा ना?’

सारे आयुष्य अर्थशास्त्र शिकविण्यात घालविलेल्या माणसाला या प्रश्नाने निरुत्तर करावे, हे लाजिरवाणे आहे. मागणी आहे, ती भागविण्यासाठी कर्ज काढण्याची तयारी आहे, औषध कसे तयार करावे हे जगाला सत्तर वर्षे ठाऊक आहे, आणि तरीही पुरवठा नाही. पाठ्यपुस्तकातील बाजार येथे वागावा तसा वागत नाही. तो असा का वागतो आणि त्यावर समाजवाद्यांचे म्हणणे काय असावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. विषय एका दुर्मिळ आजाराचा असला, तरी त्यात गुंतलेला प्रश्न दुर्मिळ नाही.

शरीरात साचणारे तांबे

तांबे हा शरीराला अत्यल्प प्रमाणात आवश्यक असा धातू आहे. रोजच्या अन्नातून ते गरजेपेक्षा थोडे अधिकच पोटात जाते आणि जास्तीचे तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. काही माणसांत हे बाहेर टाकण्याचे काम करणारे प्रथिन जन्मतःच सदोष असते. मग तांबे आधी यकृतात साचते आणि तेथून मेंदूत, डोळ्यांत, मूत्रपिंडांत पसरते. कोणाला कावीळ होते, कोणाचे पोट पाण्याने फुगते, कोणाला कंप सुटतो, तर कोणाचा स्वभाव पालटून तो वेड्यांच्या इस्पितळात जाऊन पोहोचतो. डोळ्याच्या बुबुळाभोवती तपकिरी-हिरवट कडे दिसणे ही या आजाराची प्रसिद्ध खूण. लंडनमध्ये काम करणारे मज्जाविकारतज्ज्ञ किनिअर विल्सन यांनी 1912 साली त्याचे सविस्तर वर्णन केले आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले. त्यामागील जनुकाचा शोध 1993 साली लागला.

हा आजार संसर्गाने होत नाही. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच तो होतो. अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून नात्यात लग्ने होतात अशा समाजात तो अधिक आढळतो. जगात साधारणपणे तीस हजारांत एक असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. हे प्रमाण आपल्या देशाला लावले तर रुग्णांची संख्या चाळीस हजारांच्या पुढे जाते आणि एकट्या महाराष्ट्रात ती चार हजारांच्या आसपास येते. ‘दुर्मिळ’ या शब्दाचा अर्थ एकशे चाळीस कोटींच्या देशात असा बदलतो. मुंबईत डॉ. वाडिया आणि डॉ. दस्तूर यांनी 1960 च्या दशकातच भारतीय कुटुंबांतील या आजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, आणि बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या सरकारी संस्थेने तीन दशकांत तपासलेल्या 282 रुग्णांची माहिती 2007 साली जगापुढे ठेवली. तेव्हा हा काही परदेशी पुस्तकांतला आजार नव्हे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की हा आजार आवाक्यातला आहे. जन्मजात आजारांपैकी फार थोड्यांवर औषध आहे. त्या थोड्यांत याचा समावेश होतो. वेळेवर निदान झाले आणि औषध जन्मभर चालू राहिले, तर रुग्ण सर्वसाधारण आयुष्य जगू शकतो. औषध थांबले तर तांबे पुन्हा साचू लागते; चांगला सावरलेला रुग्ण औषध सोडल्यावर काही वर्षांत दगावू शकतो, हा इशारा 1986 सालापासून वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेला आहे. ‘जन्मभर’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सर्व अर्थकारण त्या एका शब्दावर उभे आहे.

पितळी भांड्याची गोष्ट

विल्सनच्या आजाराकडे वळण्याआधी तांब्याच्याच दुसऱ्या एका आजाराची कथा सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या पुण्यात घडली आणि तिचा शेवट चांगला झाला.

एका ते तीन वर्षांच्या मुलांचे यकृत दगडासारखे कठीण होऊन ती काही महिन्यांत मरत, असा एक आजार भारतात शंभर वर्षांहून अधिक काळ होता. कलकत्त्यातून त्याची पहिली नोंद 1887 साली झाली. ‘मुलाचे लिव्हर वाढले आहे’ असे बायका दबक्या आवाजात सांगत, आणि मूल हाती लागणार नाही हे सर्वांना कळे. एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन मुले जात. वैद्यकशास्त्राने त्याला ‘भारतीय बालयकृतकाठिण्य’ असे नाव दिले, जणू भारतीयत्व हेच त्याचे कारण असावे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या सहकार्याने या आजाराचा पाठपुरावा केला. या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण प्रचंड असते, हे 1979 साली प्रसिद्ध झाले. तांबे आले कोठून, याचा शोध घेताना ते घरातील चुलीपर्यंत पोहोचले. लहानपणीच आईच्या दुधाऐवजी गाई-म्हशीचे दूध दिलेली आणि ते दूध कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेली, अशी ही मुले होती. दुधातील केसीन हे प्रथिन भांड्यातील तांबे धरून ठेवते आणि बाळाच्या कोवळ्या यकृतापर्यंत पोहोचविते. 1983 साली हा निष्कर्ष जगापुढे मांडला गेला.

माझ्या पिढीच्या वाचकांना दारावर येणारा कल्हईवाला आठवत असेल. जमिनीत खड्डा करून भाता लावायचा, भांडे तापवायचे, नवसागराची चिमूट टाकायची, कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसायचे. क्षणात पिवळे भांडे आतून रुपेरी होई. आंबट पदार्थ कळकतो म्हणून कल्हई करावी, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक होते. दूध कळकत नाही, म्हणून दुधाच्या भांड्याला कल्हई राहून गेली तरी चाले. ज्या भांड्यातील दुधाची चव बिघडत नव्हती, तेच भांडे घात करीत होते.

उपचार म्हणून पेनिसिलामाइन हे औषध देऊन पाहण्यात आले. आजार फार पुढे गेला नसेल तेव्हा त्याने काही मुले वाचली. पण खरा इलाज औषधाच्या बाटलीत नव्हता. आईचे दूध द्या, वरचे दूध द्यावयाचे झाले तर स्टीलच्या वा ॲल्युमिनियमच्या भांड्यात तापवा, एवढाच तो इलाज होता. या कामी डॉक्टरांच्या प्रचाराचा वाटा होता, तसाच स्वस्त झालेल्या स्टीलचाही होता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. आनुवंशिक प्रवृत्तीचाही काही भाग असावा असे तज्ज्ञ मानतात. पण निष्कर्ष निर्विवाद आहे: ज्या आजाराने पिढ्यान्‌पिढ्या घरे ओस पाडली, तो विसावे शतक संपेपर्यंत जवळजवळ दिसेनासा झाला. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातही असेच घडले होते. तेथे 1900 ते 1974 या काळात 138 बालके अशाच आजाराने दगावल्याची नोंद आहे. दूध तापविण्याची कल्हई नसलेली तांब्याची भांडी गेली आणि आजारही गेला.

या विजयाची जाहिरात कोणत्याही कंपनीने केली नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नव्हते. ज्ञान सार्वजनिक होते, उपाय सार्वजनिक होता, आणि लाभही सार्वजनिक झाला.

आज शहरी मध्यमवर्गात तांब्याच्या बाटलीतून पाणी पिण्याची नवी हौस आली आहे. निरोगी माणसाच्या पाण्याच्या तांब्याने लगेच आकाश कोसळत नाही. पण विल्सनच्या रुग्णाने तांब्याच्या भांड्यातील पाणी टाळलेच पाहिजे, आणि तान्ह्या बाळाचे दूध कल्हईविना पितळेत तापवू नये, हा धडा ‘परंपरा’ विकणाऱ्यांच्या गलबल्यात पुसला जाता कामा नये.

औषध शोधले कोणी, विकले कोणी

आता दुसरी कथा. विल्सनच्या आजारात भांडे बदलून भागत नाही. येथे औषध लागतेच. ते औषध कसे मिळाले हे पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात विषारी वायूवर उतारा म्हणून ऑक्सफर्डमध्ये एक द्रव्य तयार झाले होते. 1951 साली ते विल्सनच्या रुग्णांवर वापरले गेले. त्याची इंजेक्शने अतिशय वेदनादायक असत. मग जॉन वॉल्श या इंग्रज डॉक्टराच्या ध्यानात आले की पेनिसिलिन दिलेल्या रुग्णांच्या लघवीत पूर्वी आपल्याला एक द्रव्य सापडले होते आणि त्याची रचना तांबे पकडण्यास योग्य आहे. ते द्रव्य म्हणजे पेनिसिलामाइन. वॉल्श यांनी पहिली मात्रा स्वतः घेतली आणि मग रुग्णाला दिली. 1956 साली हे काम प्रसिद्ध झाले. काही रुग्णांना पेनिसिलामाइन सोसत नाही, मूत्रपिंडे बिघडतात, असे दिसल्यावर त्याच वॉल्श यांनी 1969 साली केंब्रिजमध्ये ट्रायएन्टीन हे दुसरे औषध वापरात आणले. हे द्रव्य रसायन-उद्योगात राळ घट्ट करण्यासाठी वापरतात. त्याचे उत्पादन हे काही दैवी रहस्य नव्हे. तिसरे औषध म्हणजे जस्ताचे क्षार. ते आतड्यातच तांब्याला अडवितात. हॉलंडमधील डॉक्टरांनी 1960 च्या दशकाच्या आरंभी त्यांचा मार्ग दाखविला आणि अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील संशोधनानंतर 1997 साली जस्ताच्या ॲसिटेट क्षाराला मान्यता मिळाली.

या साऱ्या शोधांमागे विद्यापीठे, सार्वजनिक रुग्णालये आणि जिज्ञासू डॉक्टर आहेत. एकाही औषधाचा जन्म नफ्याच्या ओढीतून झालेला नाही. उलट रुग्ण इतके थोडे की कंपन्यांना त्यात रस नव्हता. अशा ‘अनाथ’ औषधांसाठी अमेरिकेला 1983 साली खास कायदा करून कंपन्यांना सवलती द्याव्या लागल्या. ट्रायएन्टीनला तेथे 1985 साली मान्यता मिळाली.

पुढे काय झाले? 2010 साली व्हॅलिअन्ट नावाच्या कंपनीने ट्रायएन्टीनचे आणि पेनिसिलामाइनचे अमेरिकेतील नाममुद्रांकित हक्क असलेली एक छोटी कंपनी विकत घेतली. तेव्हा ट्रायएन्टीनच्या शंभर कॅप्सूलची किंमत 652 डॉलर होती. 2015 साली ती 21,267 डॉलर झाली. पाच वर्षांत बत्तीसपटींहून अधिक! औषधात तसूभर बदल नाही, संशोधनाचा खर्च नाही, कच्च्या मालाची टंचाई नाही. रुग्णाला दिवसाला चारच्या आसपास कॅप्सूल लागतात. म्हणजे वर्षाचा खर्च तीन लाख डॉलरच्या घरात गेला. पेनिसिलामाइनचीही तीच गत झाली. अमेरिकन सिनेटच्या समितीने चौकशी केली, कंपनीच्या प्रमुखांना 2016 साली तिच्यापुढे हजर होऊन चुका झाल्याचे कबूल करावे लागले, आणि त्या वर्षअखेरीस समितीचा अहवाल आला.

हा अहवाल अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य अभ्यासावा असा आहे. या धंद्याची पाच अंगे त्याने सांगितली: एकच उत्पादक असलेले औषध निवडावे, ते त्या आजारावरील उत्तम औषध असावे, बाजारपेठ इतकी लहान असावी की दुसरा कोणी फिरकू नये, वितरण आपल्या मुठीत ठेवावे, आणि मग किंमत हवी तशी वाढवावी. ध्यानात घ्या, यात पेटंटचा उल्लेखही नाही. पेटंटची मुदत संपली की स्पर्धा येते आणि किमती उतरतात, असे आपल्याला सांगितले जाते. येथे पेटंटचे संरक्षण नव्हते, तरी मक्तेदारी होती. रुग्णांची अल्पसंख्या हीच तिची तटबंदी होती. 2018 साली दुसऱ्या एका बड्या कंपनीने ट्रायएन्टीनची जेनेरिक आवृत्ती बाजारात आणली; तिची किंमत होती शंभर कॅप्सूलला 18,375 डॉलर. ‘स्पर्धा’ आली आणि किंमत 2010 च्या तुलनेत अठ्ठावीस पट राहिली!

मागणीची लवचिकता शून्याजवळ असली की किंमत कोठवर चढते, याचे इतके निर्घृण उदाहरण मला वर्गात कधी देता आले नव्हते. साबण महागला तर माणूस कमी वापरतो. जन्मभर घ्यावयाचे औषध महागले तर तो घर विकतो, आणि घर संपले की औषध सोडतो.

आपल्याकडचे दुखणे

भारतात किमतींची ही लूट या प्रमाणात झाली नाही. याचे श्रेय आपोआप चालणाऱ्या बाजाराला नसून 1970 च्या पेटंट कायद्याला, 1970 पासून चालत आलेल्या किंमत-नियंत्रणाला आणि सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यांना आहे. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1975 साली बहुराष्ट्रीय औषध कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाची आणि औषधे मूळ नावाने विकण्याची शिफारस केली होती. तिचा अहवाल पुरता अमलात कधीच आला नाही. तरी 1979 च्या आदेशाने 347 औषधांच्या किमती नियंत्रणाखाली आल्या होत्या. 1987 साली ही संख्या 142 वर आणि 1995 साली सत्तरच्या घरात आली. 2013 च्या आदेशाने अत्यावश्यक यादीतील औषधे पुन्हा नियंत्रणाखाली घेतली, पण कमाल किंमत ठरविताना उत्पादनखर्चाऐवजी बाजारातील किमतींची सरासरी धरण्यात आली. चोरांच्या जबानीवरून चोरीची रक्कम ठरविण्यासारखाच हा प्रकार आहे.

पेनिसिलामाइन आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत 2015 सालीही होते. म्हणजे त्याची किंमत ठरविता येते. पण ज्याची किंमत बांधली आहे, ते औषध बनविलेच पाहिजे असे बंधन उत्पादकावर नाही. उत्पादन थांबवायचे झाल्यास सहा महिने आधी सूचना द्यावी, आणि सरकारने सांगितल्यास फार तर वर्षभर ते चालू ठेवावे, इतकीच तरतूद आहे. वर्षभरानंतर काय, याचे उत्तर आदेशात नाही. थोड्या रुग्णांचे, थोड्या नफ्याचे औषध मग हळूच दुकानांतून नाहीसे होते. अमेरिकेतला रुग्ण किमतीने मारला जातो, आपल्याकडला रुग्ण रिकाम्या फळीने. दोन्हींचे मूळ एकच: जीवन ज्यावर अवलंबून आहे अशा वस्तूचे उत्पादन नफ्याच्या मर्जीवर सोडणे.

आणि येथे पिंपरीची आठवण अटळ आहे. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा देशातला सार्वजनिक क्षेत्रातील पहिला औषध कारखाना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने तो 1954 साली स्थापन झाला आणि 1955 साली तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. वॉल्श पेनिसिलिनच्या तुकड्यात विल्सनच्या आजाराचे औषध शोधत होते, नेमक्या त्याच वर्षी आपले कामगार पिंपरीत पेनिसिलिन बनवीत होते. ज्या देशाला आपले पेनिसिलिन आपण बनविता येत होते, त्याला पेनिसिलामाइनसाठी कोणाच्या दारी उभे राहण्याचे कारण नव्हते. परंतु आयातीचे दरवाजे सताड उघडले गेले, पेनिसिलिनचा कच्चा माल चीनहून येऊ लागला, पिंपरीचा कारखाना आजारी पडला, आणि डिसेंबर 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तो विक्रीस काढण्याचा आणि त्याच्या भावंडांपैकी दोन बंद करण्याचा निर्णय केला. चारच वर्षांनी, 2020 साली, त्याच सरकारने पेनिसिलिन देशात बनावे म्हणून खाजगी उद्योजकांना उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन-अनुदान जाहीर केले! जनतेच्या पैशाने उभे केलेले मोडायचे आणि जनतेच्याच पैशाने दुसऱ्याचे उभे करावयाचे, याला आर्थिक धोरण म्हणत असतील तर शब्दांचे अर्थ नव्याने शिकावे लागतील.

सरकारी आरोग्य विम्याचीही तीच कहाणी आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना असो की 2018 ची आयुष्मान भारत, दोन्हींची रचना रुग्णालयात दाखल होण्याभोवती आहे. घरी बसून रोज घ्यावयाच्या कॅप्सूलला त्यात जागा नाही. यकृत निकामी होऊन रुग्ण खाटेवर पडला की योजना जागी होते. यकृत निकामी होऊ नये म्हणून लागणाऱ्या औषधाच्या वेळी ती झोपलेली असते.

आक्षेप आणि उत्तरे

आपल्यातीलच काही मित्र विचारतील: कुपोषण, क्षय, बाळंतपणातील मृत्यू असे प्रश्न समोर असताना तीस हजारांत एकाची चिंता आपण का करावी? आक्षेप खोटा नाही. साधने मर्यादित असताना अग्रक्रम ठरवावेच लागतात. पण येथे मागणी कोट्यवधींच्या औषधांची नाही. पेनिसिलामाइन आणि जस्ताचे क्षार ही जुनी, पेटंटबाहेरची आणि उत्पादनाला स्वस्त औषधे आहेत. निम्हान्सच्या डॉक्टरांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्थिरावलेल्या काही रुग्णांचे पेनिसिलामाइन थांबवून त्यांना केवळ झिंक सल्फेटवर ठेवता येते आणि तो मार्ग स्वस्त व सुरक्षित दिसतो, असा निष्कर्ष आहे. अर्थात असा बदल तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावयाचा असतो; दुकानात माल नाही म्हणून रुग्णाने आपल्या मनाने करावयाचा नव्हे. मुद्दा एवढाच की गरीब देशातील सार्वजनिक संस्था गरिबांच्या खिशाचा विचार करून संशोधन करते, हे येथे सिद्ध झालेले आहे. शिवाय ‘अल्पसंख्य आहेत म्हणून सोडा’ हे तत्त्व एकदा मान्य केले, तर ते आजाऱ्यांपाशी थांबत नाही, हे समाजवाद्यांना सांगावयास नको.

दुसरा आक्षेप सार्वजनिक कारखान्यांच्या अकार्यक्षमतेचा. तेथे ढिलाई होती, राजकीय नेमणुका होत्या, कामगार संघटनांनी, आपल्याही संघटनांनी, उत्पादनाचा प्रश्न कित्येकदा दुय्यम मानला. हे नाकारणे म्हणजे स्वतःची फसवणूक. पण तोट्यातील कारखाना सुधारणे आणि तो विकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि ज्या औषधात नफाच नाही, त्याच्या बाबतीत ‘खाजगी क्षेत्र कार्यक्षम आहे’ या वाक्याला अर्थच उरत नाही. ते क्षेत्र तेथे पाऊल टाकत नाही हाच तर मूळ प्रश्न आहे.

मागणी काय असावी

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. पहिली: राज्याने 2023 साली स्थापन केलेल्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाने विल्सनच्या आजाराची औषधे एकत्रितपणे खरेदी करून प्रत्येक जिल्हा रुग्णालयात त्यांचा साठा ठेवावा. विखुरलेले चार हजार ग्राहक कोणाच्या हिशेबात येत नाहीत. एक ग्राहक म्हणून उभे राहिलेले राज्य येते. दुसरी: ज्या औषधाला बाजारात एक किंवा दोनच उत्पादक उरले आहेत, त्याचे उत्पादन हाफकिनसारख्या सार्वजनिक संस्थेकडे सोपवावे आणि पिंपरीच्या कारखान्याची विक्री रद्द करून त्यालाही या कामी जुंपावे. तिसरी: अत्यावश्यक यादीतील औषधाचे उत्पादन सोडण्यास पर्यायी उत्पादक उभा राहिल्याविना परवानगी नसावी. चौथी: रुग्ण सापडला की त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी सरकारी खर्चाने व्हावी. भावंडांत हा आजार असण्याची शक्यता चारात एक आहे, आणि लक्षणे दिसण्यापूर्वी औषध सुरू झाले तर मूल आजारी पडतच नाही. याहून फायदेशीर सार्वजनिक खर्च अर्थशास्त्राला माहीत नाही.

कार्यकर्त्यांनीही काही करावयाचे आहे. आपापल्या तालुक्यात कोवळ्या वयात अकारण कावीळ झालेली, हात कापू लागलेली, अक्षर बिघडलेली, एकाएकी स्वभाव बदललेली मुले असतील. त्यांना देवऋष्याकडे नेले जात असेल किंवा शाळेत मार बसत असेल. अशा घरी जाऊन ‘एकदा सरकारी रुग्णालयात डोळे आणि रक्त तपासून घ्या’ एवढे सांगणे, हे मोर्चाइतकेच पक्षकार्य आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी पितळी भांड्याबाबत जे केले ते याच जातीचे काम होते: घराघरांत जाऊन विचारणे, ऐकणे आणि सांगणे.

त्या कार्यकर्त्याच्या मुलीसाठी औषध शेवटी मिळाले. मुंबईच्या एका मित्राने दोन महिन्यांचा साठा शोधून एस.टी.ने पाठविला. मुलगी परीक्षेला बसली. पण दोन महिन्यांनंतर पुन्हा कोणाला तरी फोन करावा लागेल, आणि ज्यांचा मुंबईत मित्र नाही अशांचे काय, हा प्रश्न तसाच राहील. ओळखीवर चालणारा पुरवठा हा दयेचा व्यवहार आहे. आपल्याला हवा आहे तो हक्काचा व्यवहार, आणि त्यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या औषधकोठीची फळी भरलेली असली पाहिजे. ती भरलेली आहे की रिकामी, हे पाहण्यासाठी या महिन्यात प्रत्येक जिल्हा समितीने आपले दोन कार्यकर्ते तेथे पाठवावेत आणि जे दिसेल ते या साप्ताहिकाला कळवावे.